नकाशापलीकडे : सेंट हेलेनाबद्दल तुम्ही विचारलेलं

मागच्या अंकात या सदरात मी दक्षिण अटलांटिकमधल्या सेंट हेलेना या ब्रिटिश बेटाची ओळख करून दिली होती. त्यावर भरपूर पत्रं आली. त्यातली निम्म्याहून अधिक नेपोलियनबद्दल आहेत : त्याला विष घातलं का, घराच्या भिंतींचा रंग विषारी होता का, वगैरे. ती पत्रं मी बाजूला ठेवली आहेत. नेपोलियन त्या बेटावर साडेपाच वर्षं होता. इतर माणसं तिथे साडेतीनशे वर्षांहून जास्त काळ संसार करत आली आहेत, आणि वर्गात काय किंवा या सदरात काय, मला सांगायचं असतं ते त्यांच्याबद्दल. म्हणून त्यांच्याविषयीचे प्रश्न निवडले आहेत.

बाई, माझ्या ॲटलासमध्ये हे बेट सापडलंच नाही. नेमकं कुठे आहे? आणि एवढ्या लांब कोणी राहायला का गेलं असेल?
— बी.ए. द्वितीय वर्षाची विद्यार्थिनी, कणकवली

शालेय ॲटलासमध्ये बहुतेक वेळा त्याला जागाच मिळत नाही. अफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर अंगोला शोध. विषुववृत्ताच्या दक्षिणेला १६ अंशांच्या आसपासचं अक्षवृत्त धर आणि समुद्रात पश्चिमेकडे सुमारे १,९०० किलोमीटर जा. ब्राझीलचा किनारा तिथून त्याहूनही लांब पडतो. बेटाचं क्षेत्रफळ सुमारे १२२ चौरस किलोमीटर, लोकसंख्या ४,४०० च्या आसपास. समुद्रतळावरून उठलेल्या, केव्हाच विझलेल्या ज्वालामुखीचं हे टोक आहे. कडे थेट पाण्यात उतरतात, वाळूचे किनारे जवळजवळ नाहीतच. खाली किनाऱ्याला रखरखीत तपकिरी खडक आणि वर डायनाज पीकच्या बाजूला, सुमारे ८२० मीटर उंचीवर, धुक्यात भिजलेलं जंगल. दोन्हींत अंतर फक्त काही किलोमीटरचं. त्या जंगलातल्या कितीतरी वनस्पती आणि कीटक जगात दुसरीकडे कुठेच नाहीत.

माणसं तिथे गेली ती वाऱ्यामुळे. शिडाच्या जहाजांच्या काळात हिंदुस्थानातून युरोपला परतणारं जहाज केप ऑफ गुड होपला वळसा घालून अटलांटिकमध्ये आलं की आग्नेयेकडून वाहणारे व्यापारी वारे त्याला वायव्येकडे ढकलत नेत. त्याच वाटेवर हे बेट येतं. जाताना मात्र जहाजं ब्राझीलच्या बाजूने जात, त्यांच्या वाटेत ते येत नसे. म्हणजे हे बेट परतीच्या प्रवासाचं. महिनोन् महिने खारं मांस आणि बुरशी आलेली बिस्किटं खाऊन हिरड्या सुजलेल्या खलाशांना तिथे गोडं पाणी, लिंबं आणि बकऱ्याचं ताजं मटण मिळे. २१ मे १५०२ रोजी ते पहिल्यांदा दिसलं असं परंपरेने मानतात. जुआंव द नोव्हा हा पोर्तुगीज कप्तान तेव्हा हिंदुस्थानातूनच परतत होता. बेटावर मनुष्यवस्ती नव्हती, त्यामुळे आज तिथे राहणारा प्रत्येक जण बाहेरून आलेल्या कुणाचा तरी वंशज आहे : इंग्रज शिपाई आणि वसाहतदार, मादागास्कर, अफ्रिका, हिंदुस्थान आणि मलाय बेटांतून आणलेले गुलाम, चिनी मजूर. हे लोक स्वतःला ‘सेंट्स’ म्हणवतात.

आणखी एक गोष्ट नोंदवून ठेव. ईस्ट इंडिया कंपनीने सेंट हेलेना घेतलं १६५९ मध्ये. मुंबई तिच्या हाती आली १६६८ मध्ये. कंपनी सरकारचा इतिहास वाचताना हे बेट आपल्या लक्षातही येत नाही, पण मुंबईहून निघालेल्या जहाजांना घरी पोहोचायला ते लागायचं.

तुम्ही ओझरतं लिहिलंत की बेटावरचा पहिला रहिवासी गोव्याहून गेला होता. आम्हां गोयंकारांना हे ठाऊक नाही. कृपया सविस्तर लिहावे.
— निवृत्त ग्रंथपाल, फोंडा

काका, मागच्या अंकात जागा नव्हती म्हणून एका वाक्यात उरकावं लागलं. आता सांगते.

त्याचं नाव फर्नांव लोपिश. जातीचा पोर्तुगीज, हिंदुस्थानातला पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्क याच्या फौजेतला. १५१० मध्ये अल्बुकर्कने आदिलशहाकडून गोवा घेतला आणि तिथे शिबंदी ठेवून तो मलाक्केच्या मोहिमेवर गेला. मागे राहिलेल्यांपैकी काही जण फुटले, मुसलमान झाले आणि आदिलशाही सरदार रसूलखानाला जाऊन मिळाले. लोपिश त्यांच्यात होता. रसूलखानाचा तळ होता बाणस्तारीला. तुमच्या फोंड्याहून पणजीला जाताना जिथे पूल ओलांडता तेच हे बाणस्तारी. १५१२ मध्ये अल्बुकर्क परतला आणि त्याने बाणस्तारीच्या किल्ल्याला वेढा घातला. रसूलखान तहाला तयार झाला, पण फितूर पोर्तुगिजांना जिवे मारायचं नाही अशी त्याने अट घातली. अल्बुकर्कने ती शब्दशः पाळली. त्यांचा जीव घेतला नाही. त्यांची नाकं, कान, उजवा हात आणि डाव्या हाताचा अंगठा कापला.

त्यातले कितीतरी जण जखमांनीच गेले. लोपिश वाचला. १५१५ मध्ये अल्बुकर्क वारल्यावर तो पोर्तुगालला जाणाऱ्या जहाजावर चढला. तिकडे त्याची बायको आणि मूल होतं. पाणी भरायला जहाज सेंट हेलेनाला थांबलं तेव्हा तो उतरला आणि रानात लपून बसला. खलाशांनी शोधलं, सापडला नाही, तेव्हा त्याच्यासाठी थोडे कपडे आणि शिधा किनाऱ्यावर ठेवून ते निघून गेले. कापलेलं नाक घेऊन बायकोपुढे उभं राहायची त्याची तयारी नव्हती, एवढं आपल्याला कळू शकतं.

पुढची बरीच वर्षं तो एकटा राहिला. जुन्या पोर्तुगीज बखरकारांनी लिहून ठेवलंय की एका जहाजावरून पाण्यात पडलेला एक कोंबडा त्याने वाचवला आणि तो दिवसभर त्याच्या मागे मागे फिरायचा. जहाज आलं की लोपिश लपायचा, गेलं की बाहेर येऊन त्यांनी मागे ठेवलेलं बियाणं, रोपं, कोंबड्या घ्यायचा. एक अंगठा नसलेल्या डाव्या हाताने त्याने बागा केल्या, जनावरं वाढवली. बेटाची कीर्ती पसरायला या बागांचा हातभार लागला. पुढे त्याला पोर्तुगालला नेण्यात आलं, तो राजाला भेटला, रोमला जाऊन पोपलाही भेटला आणि परत बेटावर जाऊ द्या एवढंच त्याने मागितलं. ते मिळालं. १५४५ च्या सुमारास तो तिथेच वारला.

तुमच्यासारख्या ग्रंथपालाला विनंती आहे, काका. गोव्याच्या शाळांतल्या मुलांना अल्बुकर्क शिकवला जातो. बाणस्तारीहून निघालेली ही वाटही त्यांना दाखवा.

आमच्याकडे असईची लढाई झाली. तिथला सेनापती वेलस्ली पुढे नेपोलियनला हरवणारा वेलिंग्टन झाला. तो सेंट हेलेनाला गेला होता असं कुठेतरी वाचलं. खरं आहे का?
— शिक्षक, भोकरदन, जि. जालना

खरं आहे, सर. २३ सप्टेंबर १८०३ ला असईत शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांच्या फौजांशी लढल्यानंतर दोन वर्षांनी, १८०५ मध्ये वेलस्ली मायदेशी परतला आणि वाटेत सेंट हेलेनाला थांबला. ‘द ब्रायर्स’ नावाच्या घरी त्याचा मुक्काम होता. दहा वर्षांनी वॉटर्लूत हरलेला नेपोलियन त्याच बेटावर आणला गेला आणि लाँगवूडचं घर तयार होईपर्यंत तो राहिला तो त्याच ब्रायर्सच्या आवारात. नेपोलियनबद्दल या अंकात एवढंच.

साडेचार हजार माणसं, शेतीला सपाट जमीन नाही, कारखाने नाहीत. हे लोक खातात काय? बेटाच्या ताळेबंदात जमेची बाजू कुठली?
— निवृत्त बँक अधिकारी, पुणे

तुमचा प्रश्न मला सगळ्यांत आवडला, कारण या बेटाची खरी कहाणी हीच आहे : तिथल्या माणसांनी कष्ट केले आणि त्यांच्या पोटापाण्याचा निर्णय दर वेळी दुसरीकडे कुणीतरी घेतला.

पहिली दोनशेहून अधिक वर्षं बेट जहाजांवर जगलं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला वर्षाकाठी हजाराच्या आसपास जहाजं बेटाच्या राजधानीला, जेम्सटाऊनला, नांगर टाकत. पाणी, भाजीपाला, मटण, दुरुस्ती, दारू, सगळ्याचा पैसा व्हायचा. १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला आणि हिंदुस्थानची वाट तिकडून जाऊ लागली. वाफेच्या जहाजांना वाऱ्याची गरज उरली नव्हती. मुंबई बंदराची भरभराट ज्या कालव्याने झाली, त्याच कालव्याने जेम्सटाऊनचा बाजार बसवला. आपण मुंबईच्या बाजूने वाचतो म्हणून आपल्याला फक्त पहिली बाजू दिसते.

मग आला घायपातासारखा वाखाचा धंदा. न्यूझीलंडहून आणलेल्या उंच पात्यांच्या रोपाचा वाख काढून त्याची सुतळी आणि दोर करत. १९०७ मध्ये सरकारी गिरणी निघाली, खासगी गिरण्याही चालल्या. पाती कापायची, गाढवांवर लादून गिरणीत आणायची, धुऊन वाळवायची, आणि डोंगरच्या डोंगर त्याच पिकाखाली. या वाखाच्या सुतळीचं एक मोठं गिऱ्हाईक म्हणजे ब्रिटिश टपाल खातं, पत्रांचे गठ्ठे बांधायला. १९६० च्या दशकात टपाल खात्याने कृत्रिम धाग्याची सुतळी घ्यायला सुरुवात केली आणि १९६६ पर्यंत बेटावरच्या गिरण्या बंद पडल्या. शेकडो माणसांचं काम गेलं. पिकाची वाढ मात्र थांबली नाही, डोंगरांवर ते अजून माजलेलं आहे आणि मूळच्या जंगलाला जागा मिळावी म्हणून आता लोक ते खणून काढताहेत.

आजचा ताळेबंद सांगते. सरकारच्या खर्चाचा अर्ध्याहून मोठा हिस्सा ब्रिटनच्या अनुदानातून येतो. चलन स्वतःचं आहे, सेंट हेलेना पौंड, पण त्याचा दर ब्रिटिश पौंडाला कायमचा बांधलेला. बहुतेक गरजेच्या वस्तू जहाजाने येतात, त्यामुळे भाज्यांपासून पत्र्यापर्यंत सगळं महाग. सर्वांत जास्त नोकऱ्या सरकारीच. जमेच्या बाजूला गळाने एकेक पकडलेला टुना मासा आहे आणि कॉफी आहे. १७३३ मध्ये येमेनच्या मोखा बंदरातून आणलेल्या बियांची ती वाण अजून टिकून आहे, मोठ्या किमतीला जाते, पण उत्पादन अगदी थोडं. खरी आवक वेगळीच आहे. असेन्शन आणि फॉकलंड बेटांवर नोकरीला गेलेली आणि ब्रिटनमध्ये स्थायिक झालेली मुलं घरी पैसे पाठवतात. कोकणात मनीऑर्डरवर चाललेली घरं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे समजावून सांगायला नको.

अलीकडची एक चांगली बातमी. पोर्तुगाल ते दक्षिण अफ्रिका अशा समुद्राखालच्या इंटरनेट केबलचा एक फाटा २०२१ मध्ये बेटावर आणला गेला आणि २०२३ मध्ये सुरू झाला. त्याआधी सगळं बेट उपग्रहाच्या एका तुटपुंज्या जोडणीवर होतं. आता तिथे बसून बाहेरचं काम करता येईल अशी लोकांना आशा आहे, आणि मलाही आहे.

तिथला विमानतळ ‘जगातला सर्वांत निरुपयोगी विमानतळ’ म्हणून बातम्यांत गाजला होता. एवढा पैसा घालण्याआधी वाऱ्याचा अभ्यास कुणी केला नव्हता का?
— स्थापत्य अभियंता, नाशिक

ते विशेषण ब्रिटिश वर्तमानपत्रांनी लावलं आणि मला ते तेव्हाही खटकलं होतं.

हकीकत अशी. ब्रिटिश सरकारने सुमारे २८ कोटी ५० लाख पौंड खर्चून हा विमानतळ बांधला. सपाट जागा पुरेना म्हणून ड्राय गट नावाची एक अख्खी घळ सुमारे १०० मीटर उंचीच्या भरावाने भरून काढली, सुमारे ८० लाख घनमीटर दगडमाती. तुम्हाला या कामाचा आवाका माझ्यापेक्षा चांगला कळेल. मे २०१६ मध्ये उद्घाटन ठरलं होतं, पण एप्रिलमध्ये मोठं विमान चाचणीसाठी उतरवताना धावपट्टीच्या उत्तर टोकाला वाऱ्याचा वेग आणि दिशा अचानक बदलते असं दिसून आलं. समुद्रावरून येणारा वारा कड्यावर आदळून वर उसळतो. १८३६ मध्ये डार्विन याच बाजूच्या कड्यावर उभा होता. आपण उभे आहोत तिथे हवा अगदी शांत आणि काही पावलांच्या अंतरावर पक्षी जोरदार वाऱ्याशी झगडताहेत, असं त्याने लिहून ठेवलं आहे. तेव्हा तुमचा प्रश्न रास्त आहे. वाऱ्याची ही खोड नवी नव्हती आणि लंडनमध्ये या नियोजनावर कडक टीका झाली, ती व्हायलाच हवी होती.

पण ‘निरुपयोगी’? १४ ऑक्टोबर २०१७ ला जोहान्सबर्गहून लहान एम्ब्रेअर विमानाची नियमित सेवा सुरू झाली आणि ती चालू आहे. त्याआधी काय होतं ते पाहा. आर.एम.एस. सेंट हेलेना हे एकच टपाल-प्रवासी जहाज, तीन आठवड्यांतून एखादी फेरी, केपटाऊनला पोहोचायला पाच दिवस. बेटावर जे ऑपरेशन होऊ शकत नाही ते ज्याला हवं आहे, त्याने आधी जहाजाची वाट पाहायची आणि मग पाच दिवस समुद्रात काढायचे. नियमित सेवेच्याही आधी, २०१६ मध्येच, अत्यवस्थ रुग्णांना या धावपट्टीवरून हलवायला सुरुवात झाली होती. ज्यांच्या घरातलं माणूस त्या विमानातून गेलं आणि परत आलं, त्यांच्यासमोर तो शब्द उच्चारायला माझी जीभ रेटणार नाही.

या बांधकामाची आणखी एक बाजू आहे. विमानतळाच्या रस्त्यासाठी रुपर्ट्स व्हॅलीत खोदकाम करताना २००८ मध्ये ३२५ माणसांचे सांगाडे निघाले. १८४० नंतर ब्रिटिश आरमाराने गुलामांची बेकायदा जहाजं पकडून २५,००० हून अधिक अफ्रिकी माणसं या बेटावर उतरवली होती. जहाजाच्या तळात कोंबून आणलेली, देवी आणि हगवणीने खंगलेली माणसं. त्यातली सुमारे ८,००० तिथेच मेली आणि त्या दरीत पुरली गेली. त्यात मुलं फार होती. जी वाचली त्यांतल्या बहुतेकांना मजुरीसाठी वेस्ट इंडीज आणि केपकडे पाठवण्यात आलं. बाहेर काढलेले अवशेष कितीतरी वर्षं जेम्सटाऊनमधल्या एका जुन्या इमारतीत खोक्यांत पडून होते. बेटावरच्या लोकांनी पाठपुरावा केला, तेव्हा ऑगस्ट २०२२ मध्ये त्यांचं पुन्हा सन्मानाने दफन झालं. नेपोलियनच्या रिकाम्या थडग्याची निगा फ्रेंच सरकार एकोणिसाव्या शतकापासून राखतंय. या आठ हजारांसाठी मात्र इतका उशीर लागला.

माझ्या ग्रामपंचायतीचे मतदार त्या बेटापेक्षा जास्त आहेत! तिथे विधानसभा आहे म्हणता, मग मुख्यमंत्री पण आहे का? खरे अधिकार कुणाकडे?
— ग्रामपंचायत सदस्या, ता. बार्शी

आहे, ताई, आणि तेही अलीकडेच. विधान परिषदेत १२ निवडून आलेले सदस्य असतात. संपूर्ण बेट हाच एक मतदारसंघ आणि राजकीय पक्ष नाहीत, सगळे अपक्ष. पूर्वी कामकाज समित्यांतून चाले आणि कोण कशाला जबाबदार हे कुणालाच नीट सांगता येत नसे. लोकांचा कौल घेऊन ऑक्टोबर २०२१ पासून मंत्रिपद्धत आली. पहिल्या मुख्यमंत्री झाल्या ज्युली थॉमस, एक बाईच. मुख्यमंत्री आणि चार मंत्री, बास.

पण वर गव्हर्नर आहे, लंडनच्या सल्ल्याने राजाने नेमलेला. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार, अंतर्गत सुरक्षा त्याच्याकडे. आणि अनुदान लंडनहून येत असल्यामुळे अंदाजपत्रकावरही तिकडची नजर असते. तुमच्याकडे गटविकास अधिकाऱ्याच्या सहीवाचून जे अडतं, त्याची कल्पना करा आणि सही साडेसात हजार किलोमीटरवर आहे असं समजा. ब्रिटिश संसदेत या लोकांचा एकही खासदार नाही. असेन्शन आणि त्रिस्तान द कुन्या ही दूरची बेटं याच प्रदेशाचा भाग आहेत, त्यांच्या स्वतःच्या छोट्या परिषदा आहेत.

तुम्ही निवडणूक लढवलेली बाई आहात म्हणून हेही सांगते. १६७३ मध्ये राजा दुसऱ्या चार्ल्सने सनद दिली की या बेटावरच्या लोकांना इंग्लंडमध्ये जन्मलेल्यांसारखेच हक्क राहतील. १९८१ च्या नागरिकत्व कायद्याने ब्रिटनमध्ये राहण्याचा आणि काम करण्याचा त्यांचा हक्क काढून घेतला. पूर्ण ब्रिटिश, दुसरा देश नाही, भाषा इंग्रजी, आणि तरी ब्रिटनमध्ये घर करता येत नाही. बेटावरच्या चर्चच्या पुढाकाराने एक आयोग नेमला गेला, तीन शतकांपूर्वीची ती सनद पुढे ठेवून अर्ज, शिष्टमंडळं, पत्रं असा लढा दहा वर्षं चालला. २१ मे २००२ ला, बेट दिसल्याला ५०० वर्षं पुरी झाली त्याच दिवशी, नागरिकत्व परत मिळालं. त्यानंतर कितीतरी तरुण निघून गेले. इंग्लंडमधल्या स्विंडन शहरात त्यांची मोठी वस्ती आहे. हक्क मिळाला म्हणून गाव ओस पडत चाललं, असं तिथले काही वडीलधारे म्हणतात. मला विचाराल तर ज्याला जाता येतं त्याचंच राहणं खऱ्या अर्थाने त्याच्या मर्जीचं असतं. तरुणांना परत यावंसं वाटेल असं काम बेटावर उभं करणं ही पुढची लढाई.

मला आणि मिस्टरांना फिरायची आवड आहे. तिथे खरंच जाता येईल का? काय पाहावं?
— गृहिणी, ठाणे

येईल. जोहान्सबर्गहून साधारण आठवड्यातून एक विमान असतं. वाऱ्यामुळे दिवस बदलू शकतो, म्हणून पुढच्या प्रवासाची तिकिटं घट्ट बांधून ठेवू नका. परवानगीचे नियम जाण्याआधी बेटाच्या पर्यटन कार्यालयाकडूनच विचारून घ्या. जानेवारी ते मार्च गेलात तर प्रचंड व्हेल शार्क दिसतात, निरुपद्रवी असतात. माझा एक जुना विद्यार्थी क्रूझ जहाजावर कामाला आहे, तो जेम्सटाऊनला उतरला होता. तो म्हणाला, धक्क्यावर वरून दोर लोंबत असतात, लाटेने होडी वर आली की दोर धरून पटकन पायरीवर पाय टाकायचा, उशीर केला तर भिजलात. ६९९ पायऱ्यांची जेकब्ज लॅडर तो चढला आणि दुसऱ्या दिवशी त्याला जहाजाचा जिनाही उतरवेना. तिथे ‘प्लो’ म्हणून एकाच पातेल्यात केलेला मसालेभात मिळतो, मटण घालून. त्याला तो घरच्यासारखा लागला. गव्हर्नरच्या बंगल्याच्या आवारात जोनाथन नावाचं महाकाय कासव आहे, जन्म १८३२ च्या सुमारासचा मानतात. त्याला दुरूनच पाहायचं.

एक दिवस रुपर्ट्स व्हॅलीसाठी राखून ठेवा. जेम्सटाऊनच्या शेजारचीच दरी आहे, डोंगराची एक सोंड ओलांडली की आलात.